मरोळ, कुर्ला, घाटकोपर : ब्रेकच्या आवाजाचा इतिहास

१५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची जुनी डबलडेकर मरोळ आगारातून बाहेर पडली आणि ४१५ क्रमांकाच्या मार्गावर शेवटची फेरी मारून निवृत्त झाली. दीड महिन्याने, ३० ऑक्टोबरला, प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचीही मुदत संपली. मरोळच्या गॅरेजांमधल्या कित्येक मेस्त्रींचा कान याच काळी-पिवळीवर तयार झाला होता.

ही गाडी शेजारचीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. १९७० च्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. मरोळ नाक्यावरून जाणाऱ्या अंधेरी-कुर्ला रस्त्यावर तिची वर्दळ अखंड असे. चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्याने दोष झाकलेला राही, म्हणून मेस्त्री आधी ऐकत आणि मग चाक उघडत.

आवाज कधी येतो, हा त्यांचा पहिला प्रश्न. पावसाळ्यात सकाळच्या पहिल्या दोन-तीन ब्रेकना खरखर झाली आणि थांबली, तर रात्रीत चढलेला गंज, काळजी नको. हलका ब्रेक लावताना बारीक किंचाळी येत असेल, तर लायनर, म्हणजे ब्रेकचं अस्तर, तापून गुळगुळीत झालेला किंवा ड्रममध्ये धूळ साठलेली. लायनर धरतो-सुटतो आणि ती थरथर कानाला ऐकू येते. लोखंडावर लोखंड घासल्याचा करकराट मात्र धोक्याचा. अशा वेळी ड्रम उतरवला की लायनर झिजून वर आलेले रिव्हेट चकाकताना दिसतात आणि ड्रमच्या आत गोल रेघा पडलेल्या असतात. रेघेत नख अडकलं तर ड्रम लेथवर लावावा लागे, आणि मरोळ एमआयडीसीत लेथची वानवा नव्हती.

या आवाजाची तक्रार मोटारीइतकीच जुनी आहे. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, पण धातूच्या चकतीवर तांब्याचे पॅड घासून असह्य किंचाळी उठे. १९०७ च्या सुमारास फेरोडो कंपनीच्या हर्बर्ट फ्रूडने त्यावर ॲस्बेस्टॉसचं अस्तर सुचवलं. आवाज निवला, उष्णताही सोसली गेली. पुढची अनेक दशकं जगभरचे ब्रेक याच तंतूवर थांबले.

मुंबईत हे अस्तर घाटकोपरला बनत होतं. लाल बहादूर शास्त्री मार्गावरचा हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना, पुढे हिंदुस्थान कंपोझिट्स, ब्रेक लायनरसाठी देशभर ओळखला जाई. ॲस्बेस्टॉसचा बारीक तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात गेला की तिथेच राहतो, आणि ॲस्बेस्टॉसिस किंवा कर्करोग वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कामगारांचा आरोग्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि त्यांच्या तपासणीच्या नोंदी किमान ४० वर्षं जपण्याचा आदेश दिला. गाड्यांचा आवाज शांत करणाऱ्या कामगारांना आपल्या दम्यासारख्या धापेचं कारण कळायलाही इतका काळ जावा लागला, हा या इतिहासाचा सर्वांत कटू भाग आहे.

आता पुढच्या चाकांना डिस्क असतात आणि अनेक पॅडना पत्र्याची छोटी पट्टी बसवलेली असते. पॅड संपत आला की ती मुद्दाम चकतीला घासून किंचाळते. म्हणजे ज्या आवाजाला घालवण्यात शतक गेलं, तोच आता इशारा म्हणून गाडीत बसवला जातो.

तेव्हा ब्रेक वाजू लागला की रेडिओचा आवाज वाढवू नका, चाक उघडून घ्या. नवा लायनर ॲस्बेस्टॉसविरहित आहे ना, हे खोक्यावर वाचा. आणि मेस्त्री ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवायला निघाला, तर त्याला थांबवून ओल्या फडक्याने पुसायला सांगा. ती धूळ सगळ्यात आधी त्याच्याच छातीत जाते.