सरपणाच्या दोन करवती: स्वस्त आणि व्यावसायिक चेनसॉची फारकत कशी झाली? (थ्रेड)

१/ अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यासाठी सरपण साठवणारा गृहस्थ चेनसॉ घ्यायला गेला, की त्याच्यासमोर दोन प्रकारची यंत्रे येतात. दोन्ही पेट्रोलवर चालतात, दोन्हींच्या पट्टीभोवती दातेरी साखळी फिरते. पण एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट असू शकते. ही फारकत यंत्राच्या जन्मापासूनची नाही. ती रुंदावली १९७० च्या दशकात, आणि तिला कारणीभूत ठरले खनिज तेल.

२/ आधी एका लोकप्रिय कथेविषयी. 'चेनसॉचा शोध बाळंतपणासाठी लागला' हे समाजमाध्यमांवर फिरणारे विधान अर्धेच खरे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश वैद्यांनी अडलेल्या प्रसूतीत ओटीपोटाचा सांधा मोकळा करण्यासाठी व रोगग्रस्त हाड कापण्यासाठी दातेरी साखळी वापरली. परंतु ती दोन्ही टोकांच्या मुठी धरून हाताने ओढायची बारीक साखळी होती. जंगलातल्या यंत्राची वंशावळ वेगळी आहे.

३/ ती सुरू होते १९२० च्या दशकातील जर्मनीत. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये स्टुटगार्ट येथे विजेवर चालणारी करवत तयार केली. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी थुरिंगियातील डोलमार डोंगरावर आपल्या पेट्रोल करवतीची चाचणी घेतली. तिचे वजन ५८ किलो होते. श्टील यांचे १९२९ चे पेट्रोल यंत्र ४६ किलोचे. दोन माणसांनी दोन टोकांना धरल्याशिवाय ही धुडे हलत नसत. घरच्या चुलीसाठी असले काही विकत घेण्याचा विचारही कोणी केला नसता.

४/ एकट्याने पेलण्याजोगी करवत दुसऱ्या महायुद्धानंतर आली. श्टील यांचे १९५० चे एकहाती यंत्र सुमारे १६ किलोचे होते. त्याच सुमारास पडदा असलेला कार्बोरेटर आला आणि करवत आडवी-तिरपी धरली तरी इंजिन चालू राहू लागले. साखळीच्या दातांचा प्रश्न सोडवला तो ओरेगनच्या जोसेफ कॉक्स यांनी. १९४६ मध्ये त्यांनी एका लाकूडपोखऱ्या भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती लाकूड नुसते ओरबाडत नव्हती. जबड्याच्या दोन बाजूंनी आलटून पालटून कुरतडत पुढे सरकत होती. कॉक्स यांनी तसेच डावे-उजवे वळवलेले दात साखळीला बसवले. आजच्या जवळपास सर्व साखळ्या त्याच तत्त्वावर चालतात.

५/ या साऱ्या सुधारणांचा ग्राहक एकच होता: लाकूडतोड्या. त्याची मजुरी करवतीवर अवलंबून, म्हणून ती दिवसभर चालली पाहिजे आणि बिघडली तर जंगलातच उघडून दुरुस्त करता आली पाहिजे. १९६० च्या दशकात होमलाइट कंपनीची एक्सएल-१२ आली. पट्टी आणि साखळी वगळता तिचे वजन १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आत होते. करवत आता सामान्य माणसालाही पेलू लागली. तिची गरज मात्र अजून भासायची होती.

६/ ती भासली ऑक्टोबर १९७३ मध्ये. अरब-इस्राएल युद्धात इस्राएलला मदत केल्याबद्दल अरब राष्ट्रांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. तेलाची किंमत पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरच्या पुढे गेली. न्यू इंग्लंडमधील असंख्य घरे तेलाच्या भट्टीवर उबदार राहत. तिथे हा वाढीव खर्च थेट हिवाळ्याच्या घरखर्चावर येऊन आदळला.

७/ लोक लाकडाकडे वळले. नॉर्वेच्या ओतीव लोखंडी शेगड्यांना मागणी आली. १९७५ मध्ये व्हरमाँट राज्यात व्हरमाँट कास्टिंग्ज ही शेगड्यांची कंपनी उभी राहिली. १९७३ ते १९८५ या काळात अमेरिकी घरांतील लाकूडफाट्याचा वापर दुपटीहून अधिक वाढला. आपल्याकडच्या वखारीत सरपण वजनावर मिळते. तिकडे ते 'कॉर्ड'ने मोजतात. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी एक रास म्हणजे एक कॉर्ड. अशा कित्येक राशी एका घराला एका हिवाळ्यात लागू शकतात. हातकरवतीने तेवढे ओंडके कापणे नोकरदार माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

८/ कंपन्यांना नवा ग्राहक सापडला. हा वर्षातून काही शनिवार-रविवारच करवत चालवणार होता. मॅककलक कंपनीने त्याच्यासाठी 'मिनी मॅक' ही चिमुकली करवत काढली. 'सीअर्स' दुसऱ्यांकडून बनवून घेतलेल्या करवती 'क्राफ्ट्समन' नावाने विकू लागले. (मॅककलकचे संस्थापक रॉबर्ट मॅककलक म्हणजे १९६८ मध्ये लंडनचा जुना पूल विकत घेऊन तो दगडादगडाने ॲरिझोनाच्या वाळवंटात नेणारे गृहस्थ. करवतीच्या धंद्यात पैसा किती होता, याचा हा एक पुरावा.)

९/ स्वस्ताई आली कुठून? शक्ती कमी केली हे खरे. पण खरी काटछाट रचनेत झाली. व्यावसायिक करवतीचे क्रँककेस मॅग्नेशियमच्या दोन अर्धुकांचे असते, सिलिंडर त्यावर स्क्रूंनी बसवलेला असतो. तो झिजला तर तेवढाच बदलता येतो. स्वस्त करवतींत हळूहळू रूढ झालेल्या रचनेत सिलिंडर आणि क्रँककेसचा वरचा भाग एकसंध ओतलेला असतो आणि सारे इंजिन प्लास्टिकच्या सांगाड्यात बसवलेले असते. सिलिंडर गेला की अख्खे इंजिन बाहेर काढावे लागते. दुरुस्तीची मजुरी नव्या करवतीच्या किमतीला भिडते.

१०/ दुसरी काटछाट अधिक गंभीर होती. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडावर आपटला, की करवत क्षणार्धात उसळून चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येते. याला 'किकबॅक' म्हणतात. ही उसळी येताच साखळी थांबवणारा ब्रेक १९७० च्या दशकाच्या आरंभी युरोपीय व्यावसायिक करवतींत आला होता. अमेरिकेतील अनेक घरगुती करवती मात्र त्याविनाच विकल्या जात होत्या. म्हणजे ज्याला कसलेही प्रशिक्षण नव्हते, त्याच्याच हाती कमी संरक्षणाचे यंत्र दिले गेले. किंमत कमी ठेवण्याची निकड समजू शकते. या निवडीचे समर्थन मात्र कठीण आहे.

११/ १९७७ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे याविषयी अर्ज गेला. बरीच वर्षे खल झाला आणि अखेर १९८५ मध्ये सक्तीच्या कायद्याऐवजी ऐच्छिक मानक आले. त्यानंतर चित्र पालटले. घरगुती करवतीला आता कमी उसळणारी साखळी आणि अरुंद टोकाची पट्टी जोडलेली असते. अधिक वेगाने कापणारी, पण अधिक उसळणारी साखळी सहसा व्यावसायिक करवतीवर मिळते. नवशिक्याने 'महाग तेच सुरक्षित' असे मानून ती घेतली, तर गणित उलटे पडू शकते.

१२/ मग सरपणासाठी कोणती? वर्षाकाठी दोन-तीन कॉर्ड कापणाऱ्याला ३० सीसीची स्वस्त करवत पुरते. साखळीला वेळेवर धार लावली तर वर्षानुवर्षे पुरते. बोथट साखळीची ५० सीसी करवत धारदार साखळीच्या ३० सीसी करवतीपुढे हरते, हे कॉक्स यांच्या अळीलाही पटले असते. जाड ओंडके, आठ-दहा कॉर्ड आणि स्वतः यंत्र उघडण्याची तयारी असेल, तर मॅग्नेशियमच्या क्रँककेसचे पैसे वसूल होतात.

१३/ आता ही विभागणी कायद्यातही उतरली आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ पासूनच्या बनावटीच्या छोट्या इंजिनांना शून्य उत्सर्जनाची अट घातली. परंतु शेती व बांधकामाच्या १७५ अश्वशक्तीखालील नव्या इंजिनांचे नियमन करण्यास संघीय कायदा राज्यांना मनाई करतो, आणि ४५ सीसी व त्यावरील चेनसॉ त्याच वर्गात मोडतात. त्यामुळे तिथे नवी ३० सीसीची पेट्रोल करवत बाजारातून हटत असून तिची जागा बॅटरीवरची करवत घेत आहे. ५० सीसीची व्यावसायिक करवत मात्र अजूनही पेट्रोलवर चालते.