पडदा, भाषा आणि शिक्षक : पन्नास वर्षांच्या एका शोधाची कथा

करोनाकाळात घराघरांतल्या मोबाइलवर वर्ग भरू लागले, तेव्हा पडद्यावरून शिकवणे ही अगदी नवी गोष्ट आहे, असा अनेक पालकांचा समज झाला. प्रत्यक्षात भारतीय संशोधक पन्नास वर्षांहून अधिक काळ या प्रश्नाचा मागोवा घेत आहेत. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यम टिकवून धरणाऱ्या आपल्या शाळेला हा इतिहास जवळचा वाटावा. कारण ‘यंत्र कोणते?’ यापेक्षा ‘भाषा कोणती आणि मुलाजवळ कोण?’ हाच प्रश्न त्यात पुनःपुन्हा पुढे येतो.

१ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा शैक्षणिक प्रयोग सुरू झाला. कल्पना विक्रम साराभाई यांची. परंतु १९७१ च्या अखेरीस त्यांचे निधन झाले. ती कल्पना साकार केली ती अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक यशपाल आणि प्रयोगाचे व्यवस्थापक, कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस यांनी, आपल्या सहकाऱ्यांच्या साथीने. अमेरिकेच्या ‘नासा’ने आपला उपग्रह एका वर्षासाठी दिला होता. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत जाळीच्या तबकड्या उभ्या राहिल्या. सकाळी शाळकरी मुलांसाठी दीड तास आणि संध्याकाळी गावकऱ्यांसाठी अडीच तास कार्यक्रम होत.

भाषेचा पेच योजकांनी आरंभीच ओळखला होता. एकाच चित्रासोबत दोन ध्वनिवाहिन्या पाठवण्याची सोय त्यांनी केली, म्हणजे तेच दृश्य दोन भाषांत ऐकता येई. हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड या चार भाषांत कार्यक्रम झाले. महाराष्ट्र या सहा राज्यांत नसल्याने मराठीला त्यात स्थान मिळाले नाही.

या प्रयोगाचे मोठेपण केवळ उपग्रहात नव्हते. संच बसवून अभियंते परतले, तरी मानववंशशास्त्राचे अभ्यासक खेड्यांत मुक्काम करून राहिले. कोण पाहतो, कोण उठून जातो, घरी काय बोलले जाते, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. निष्कर्षही त्यांनी निर्भीडपणे मांडले. कार्यक्रम पाहणाऱ्या मुलांच्या भाषाविकासात प्रगती दिसली. मात्र शाळेच्या पटसंख्येवर वा गळतीवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. ज्या मुलाला गुरे राखायला जावे लागते, त्याला पडदा शाळेत आणू शकत नाही, हे त्यातून उमगले. याच वर्षात जवळपास ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यात दूरचित्रवाणीच्या जोडीला नभोवाणी, छापील साहित्य, हाताने करायचे प्रयोग आणि केंद्रावर मार्गदर्शन करणारी माणसे यांची योजना होती. एकटा पडदा पुरत नाही, हे संशोधकांनी आधीच जाणले होते.

३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला. शोध मात्र थांबला नाही. इंदूरच्या श्री गोविंदराम सेकसरिया संस्थेतून अभियंता होऊन बाहेर पडलेले दीपक फाटक यांनी पुढे मुंबईच्या आयआयटीतून एकाच वेळी हजारो महाविद्यालयीन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा उपक्रम उभारला. व्याख्यान मुंबईहून थेट होई. शिक्षक मात्र ठिकठिकाणच्या केंद्रांत एकत्र बसत आणि तेथील समन्वयकाच्या देखरेखीखाली प्रात्यक्षिके करत. त्याच संस्थेत कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने संगणकाचे छोटे पाठ अनेक भारतीय भाषांत तयार केले. या वेळी मराठी त्यात होती. पडद्यावर इंग्रजी आज्ञावली आणि कानावर मायबोली, ही योजना साइटच्या दोन ध्वनिवाहिन्यांचीच आठवण करून देते. तेथील शैक्षणिक तंत्रज्ञान विभागात सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रमांची एक रचना मांडली. तिच्यात चित्रफीत मध्येच थांबते, विद्यार्थ्याला काहीतरी करायला लावते आणि मगच पुढे सरकते. मूल नुसते पाहत राहिले म्हणजे शिकले असे नव्हे, हे सूत्र त्यामागे आहे.

या साऱ्या वाटचालीतून आपल्यासारख्या शाळेने काय घ्यावे? नवी साधने वर्गात यावीत. त्यांना विन्मुख होण्यात शहाणपण नाही. परंतु दर नव्या साधनापाशी साइटचे जुने प्रश्न विचारले पाहिजेत : ते मुलाच्या भाषेत बोलते का? ते चालू असताना मुलाच्या शेजारी कोणी जाणते माणूस आहे का? आणि काही काळाने, मूल खरोखर काय शिकले, हे कोणी प्रामाणिकपणे तपासणार आहे का? परप्रांतात राहून मुलांना मराठीतून शिकवणाऱ्या आपल्या गुरुजनांना पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर कोणत्याही उपग्रहावाचून ठाऊक होते. तिसऱ्याचे उत्तर शोधण्याची जबाबदारी आता माजी विद्यार्थी आणि पालक या नात्याने आपली आहे. चांगले मराठी पाठ तयार करणे, त्यांना पाठबळ देणे आणि त्यांचा परिणाम पारखून घेणे, हे काम बाहेरून कोणी येऊन आपल्यासाठी करून जाणार नाही.