कमानिया गेटची कुळकथा

महाराजपुराहून जबलपूरच्या जुन्या शहरात शिरलं, की रस्ते अरुंद होत जातात. बडा फुहारा, सराफा, आणि त्यांच्यामध्ये कमानिया गेट. नवखा माणूस याला जुन्या तटाची वेस समजतो. आपल्याकडच्या माणसाला भोसल्यांची आठवण होणं तर साहजिकच, कारण १७९८ पासून १८१७ च्या डिसेंबरपर्यंत हे शहर नागपूरकरांच्या ताब्यात होतं. पण ही कमान राजाची नाही. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचं ते स्मारक आहे.

अधिवेशन भरलं शहराबाहेर, नर्मदेच्या बाजूला, विष्णुदत्त नगर नावाच्या तात्पुरत्या वसाहतीत. अधिवेशन बावन्नावं, म्हणून मिरवणुकीला ५२ हत्ती. रथात मात्र अध्यक्षांची तसबीर! सुभाषबाबू तापाने फणफणले होते. त्यांना मंडपात स्ट्रेचरवरून आणावं लागलं. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पट्टाभि सीतारामय्यांना त्यांनी १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवलं होतं. तरीही कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असा गोविंद वल्लभ पंतांचा ठराव इथे मंजूर झाला आणि एप्रिल संपायच्या आत सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. जबलपूर त्यांना नवं नव्हतं. १९३२ मध्ये कल्याणला अटक झाल्यावर आधी सिवनीच्या आणि मग इथल्याच तुरुंगात त्यांना ठेवलं होतं. आज त्या तुरुंगाला त्यांचंच नाव आहे.

कमानीपेक्षा तिच्याजवळचं बडकुल हलवायांचं दुकान पन्नास वर्षांनी जुनं, १८८९ सालचं. तिथली खव्याची जिलबी काळसर तपकिरी, जाड वेढ्यांची. खवा आणि तवकीर मळून तुपात तळायची नि पाकात सोडायची. मैदा नसल्याने उपासालाही चालते. अधिवेशन उठलं, वसाहत मोडली; पण ही कढई काही उतरली नाही.

या कमानीचं मूळ मला जवळच्या टाउन हॉलमध्ये दिसतं. आज ते गांधी भवन. मार्च १९२३ मध्ये तिथे तिरंगा चढला, पोलिसांनी तो उतरवला, पंडित सुंदरलाल तुरुंगात गेले. तोच झेंडा सत्याग्रह पुढे नागपूरला जमनालाल बजाजांनी चालवला, आणि आपण तो नागपूरचा म्हणूनच ओळखतो. सुरुवातीचा मान जबलपूरचा आहे. त्या झेंड्याने हे गाव तयार केलं नसतं, तर सोळा वर्षांनी काँग्रेस इथे भरली नसती, असं मला ठामपणे वाटतं.