मद्यपाश : शरीर आतून कसे पोखरले जाते?

आषाढी अमावस्येला 'गटारी' साजरी करायची आणि श्रावणभर बाटलीला हात लावायचा नाही, हा रिवाज मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदरच्या परिसरात सर्वांच्या परिचयाचा आहे. 'मी श्रावण पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही', असा सोयीचा अर्थही त्यातून काढला जातो. शरीराचा हिशेब मात्र वेगळा आहे. वर्षातील अकरा महिने रोज मद्य पचवणाऱ्या शरीरात जे बदल होतात, ते एका महिन्याच्या संयमाने पूर्णपणे पुसले जात नाहीत. शिवाय ज्याचे शरीर मद्यावर अवलंबून राहू लागले आहे, त्याने श्रावणाच्या पहिल्या दिवशी अचानक दारू सोडणे हेच जिवावर बेतू शकते.

मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाखांवर गेली. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारा आणि रात्री उशिरा परतणारा नोकरदार हा या शहराचा कणा. 'दमून आल्यावर दोन पेग घेतले तर काय बिघडले?' या प्रश्नाने सुरू झालेली सवय कधी व्यसनात बदलते, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांनाही बहुधा उशिराच कळते. केंद्र सरकारच्या वतीने 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. त्यांपैकी ५ कोटी ७० लाख जणांचे मद्यपान घातक किंवा व्यसनाच्या पातळीवरचे आहे.

क्वार्टरचा हिशेब

भारतात मिळणाऱ्या व्हिस्की, रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम आणि १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल हातावेगळे करते. लिंबूपाणी, कडक कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवणारा माणूस सकाळी सहाच्या लोकलमध्ये चढतो, तेव्हाही त्याच्या रक्तात अल्कोहोल शिल्लक असू शकते. क्वार्टरमधून सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी मिळतात. पण त्यांत प्रथिने नाहीत आणि जीवनसत्त्वेही नाहीत. म्हणूनच मद्यपी अंगाने भरलेला दिसला, तरी आतून कुपोषित असू शकतो.

न बोलणारे यकृत

मद्याचा सर्वाधिक भार यकृतावर पडतो आणि ते मुकाट्याने तो सोसते. रोज ६० ग्रॅमच्या वर अल्कोहोल घेणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठते. या अवस्थेत काहीही दुखत नाही. दारू पूर्ण बंद केली, तर ही चरबी काही आठवड्यांत ओसरते. पुढच्या टप्प्यात यकृताला सूज येते. कावीळ, ताप, भूक मंदावणे ही लक्षणे दिसतात. तीव्र सूज प्राणघातक ठरू शकते. तिसरा टप्पा सिरॉसिसचा. यात यकृताच्या निरोगी पेशींची जागा कठीण, निकामी तंतू घेतात आणि ही हानी सहसा भरून येत नाही. पोटात पाणी होते, अन्ननलिकेतील फुगलेल्या रक्तवाहिन्या फुटून रक्ताची उलटी होते, मेंदूवर गुंगी येते. या टप्प्यावरही दारू सोडणाऱ्याचे आयुष्य न सोडणाऱ्यापेक्षा वाढते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मद्याने रक्तातील अल्कोहोल अधिक चढते आणि यकृताची हानी कमी मात्रेत व कमी काळात होते. गर्भवतीने घेतलेले मद्य थेट गर्भापर्यंत पोहोचते. त्यामुळे गरोदरपणात सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही.

स्वादुपिंड, हृदय आणि कर्करोग

पोटाच्या वरच्या भागात अचानक उठून पाठीपर्यंत जाणारी असह्य कळ स्वादुपिंडाच्या दाहाची असू शकते. ती 'अॅसिडिटी' समजून अंगावर काढू नये. हा दाह वारंवार झाला, तर इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होऊन मधुमेह जडतो. दीर्घकाळच्या मद्यपानाने रक्तदाब वाढतो, हृदयाचे स्नायू सैल पडतात आणि ठोके अनियमित होतात. 'थोडी दारू हृदयाला चांगली', हा समज आता मागे पडला आहे. आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

मद्य हे कर्करोगकारक आहे, हे १९८८ पासून मान्य झालेले आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन या अवयवांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. दारूच्या जोडीला तंबाखू किंवा गुटखा असेल, तर तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो.

मद्यपानाने प्रतिकारशक्तीही खालावते आणि क्षयरोगाची शक्यता वाढते. क्षयाच्या काही औषधांचा ताण यकृतावरच येत असल्याने उपचार सुरू असताना दारू घेणे दुहेरी धोक्याचे ठरते.

मेंदू आणि मज्जातंतू

तळपायांची आग, बधिरता, चालताना तोल जाणे ही मज्जातंतू झिजू लागल्याची लक्षणे आहेत. मद्यपींमध्ये थायमिन म्हणजे 'बी-१' जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. ती तीव्र झाली, की गोंधळलेपण येते, डोळ्यांची हालचाल बिघडते, पाय लटपटतात. वेळीच थायमिनची इंजेक्शने मिळाली नाहीत, तर नवे काही लक्षात ठेवण्याची क्षमता कायमची जाऊ शकते. असा रुग्ण स्मृतीतील पोकळी कल्पित प्रसंगांनी भरतो. घरच्यांना तो खोटे बोलतो असे वाटते. प्रत्यक्षात तो आजार असतो.

एकाएकी सोडताना सावधान

वर्षानुवर्षे मद्याने दडपलेली मज्जासंस्था दारू थांबताच उसळते. शेवटच्या पेगनंतर ६ ते ८ तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, वेळ-स्थळाचे भान सुटते, ताप व नाडीचा वेग वाढतो. ही अवस्था उपचारांविना जीवघेणी ठरू शकते. अशा वेळी रुग्णाला खोलीत कोंडणे, 'नाटक करतो' म्हणून दुर्लक्ष करणे किंवा 'बाहेरची बाधा' म्हणून देवऋषीकडे नेणे महागात पडते. त्याला तातडीने रुग्णालयात हलवावे.

पंढरीची माळ घालून किंवा देवासमोर शपथ घेऊन दारू सोडणारे पुष्कळ आहेत. तो संकल्प मोलाचाच आहे. मात्र सकाळी उठल्यावर घोटाशिवाय ज्याचा हात स्थिर होत नाही, त्याने संकल्पाचा पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावा.

स्वतःला विचारायचे चार प्रश्न

पिणे कमी करायला हवे, असे कधी वाटले का? आपल्या पिण्यावर कोणी बोलले, तर राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटते का? सकाळी उठताच घ्यावीशी वाटते का? यांपैकी दोन प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल, तर डॉक्टरांना भेटावे. यकृताच्या कार्याची रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी एवढ्यानेही बरेच काही कळते. रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, पिवळे डोळे, फुगलेले पोट किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास मात्र एक दिवसही थांबू नये.

मदत कुठे मिळेल?

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केले आणि व्यसन हा दुर्गुण नसून आजार आहे, ही जाणीव महाराष्ट्रात रुजवली. फादर जो परेरा यांच्या 'कृपा फाउंडेशन'चे कार्य मीरा-भाईंदरकरांना खाडीपलीकडच्या वसईमुळे परिचित आहे. 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या सभांना शुल्क नसते आणि तेथे आडनावही विचारले जात नाही. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकांवर उपलब्ध आहे.

यकृत बराच काळ तक्रार करत नाही; पण तोच काळ हानी भरून येण्याचा असतो. दुखेपर्यंत वाट पाहणारा नेमकी तीच संधी गमावतो.