सीसीटीव्ही : चित्रण किती दिवस टिकणार?

बंगळुरूमधील बेळ्ळंदूर परिसर माहिती-तंत्रज्ञान कंपन्या, दुकाने व निवासी संकुलांनी गजबजलेला आहे. कर्नाटकच्या २०१७ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यानुसार गर्दीच्या आस्थापनांना सीसीटीव्ही कॅमेरे बसवून त्यांचे चित्रण ३० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. त्यामुळे खरेदीच्या वेळी कॅमेऱ्यांच्या संख्येइतकाच हार्ड डिस्कच्या क्षमतेचा विचार आवश्यक ठरतो. सेकंदाला २ मेगाबिट माहिती पाठवणाऱ्या एका कॅमेऱ्याचे अखंड चित्रण दिवसाला सुमारे २२ गिगाबाइट जागा व्यापते. अशा ८ कॅमेऱ्यांना ३० दिवसांसाठी सुमारे ५.२ टेराबाइट जागा, म्हणजे ६ टेराबाइटची डिस्क लागते. डिस्क अपुरी असल्यास जुने चित्रण आपोआप पुसले जाते आणि उशिरा उघडकीस आलेल्या चोरीचा पुरावाच उरत नाही. रेकॉर्डर कुलूपबंद जागी ठेवून त्याला यूपीएस जोडावा.