जुन्या दणकट मोटारीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : बदलापूर्वी काय तपासावे?

मुरगूड (ता. कागल) : निपाणीहून मुरगूडमार्गे मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर आणि पुढे फोंडा घाट उतरून कोकणात जाणारा रस्ता हा कोणत्याही गिअरबॉक्सची परीक्षा पाहणारा आहे. सपाटीवर सुरळीत चालणारी जुनी मोटार घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर अडकते, क्लचचा वास येऊ लागतो आणि गुडघेदुखीने त्रस्त झालेल्या मालकाच्या मनात येते, की इंजिन ठेवावे आणि गिअरबॉक्स मात्र ऑटोमॅटिक बसवावा. ही कल्पना अशक्य नाही. मात्र ती जितकी सोपी सांगितली जाते तितकी सोपीही नाही, आणि चुकली तर वर्षानुवर्षे जपलेली गाडी कायमची बिघडू शकते.

या हौसेचे मूळ अमेरिकेत आहे. मध्यम आकाराच्या मोटारीत मोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसवण्याची तेथील परंपरा १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून नावारूपाला आली, असे सामान्यतः मानले जाते. या गाड्यांना 'मसल कार' म्हटले जाऊ लागले. त्या काळातील शेव्हरोलेच्या अनेक मोटारींत 'पॉवरग्लाइड' हा अवघ्या दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असे. इंजिन बलाढ्य आणि गिअर दोनच, त्यामुळे वेग घेताना मध्येच ताकद संपल्यासारखे वाटे. म्हणून त्याच्या जागी तीन गिअरचा 'टर्बो हायड्रामॅटिक ३५०' बसवण्याची पद्धत रूढ झाली. पॉवरग्लाइडच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर १.७६ किंवा १.८२, तर नव्याचे २.५२. फरक पहिल्याच चौकात जाणवतो. शिवाय आखूड शेपटीचा ३५० घेतला तर त्याची लांबी पॉवरग्लाइडएवढीच भरते, त्यामुळे आधाराची आडवी पट्टी किंवा प्रॉपेलर शाफ्ट बदलावा लागत नाही. त्याहून मजबूत असलेल्या ४०० क्रमांकाच्या गिअरबॉक्सला ही सोय नाही. त्याचा आधार मागे सरकतो आणि शाफ्टचे टोकही वेगळे लागते.

महामार्गावर धावणाऱ्यांसाठी १९८२ पासून आलेला चार गिअरचा '७००-आर-४' आकर्षक ठरला. त्याचा चौथा गिअर ०.७० चा, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे तीस टक्क्यांनी कमी. पण त्याच्या कार्ब्युरेटरला जोडलेल्या केबलचे माप जरा चुकले तरी आतील तेलाचा दाब कमी राहतो आणि क्लचच्या चकत्या अल्पावधीत जळतात. गिअरबॉक्स वाईट म्हणून जेवढे गिअरबॉक्स फेकले गेले, त्यातील बरेच या एका केबलचे बळी असावेत. आणखी एक सापळा असा की एकाच जनरल मोटर्सच्या शेव्हरोले आणि पाँटिअॅक इंजिनांच्या मागील बाजूच्या बोल्टची मांडणी वेगळी आहे. कंपनी एक म्हणून सुटे भाग एकमेकांना बसतील असे गृहीत धरू नये.

आपल्याकडची 'मसल कार'

अशी मोटार भारतात बनली नाही. तरीही आपल्याकडे तो मान एका गाडीला लोकांनी देऊन टाकला आहे, ती म्हणजे हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा. १९८४ ते २००२ या काळात बनलेल्या या गाडीचा सांगाडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हीएक्स मालिकेवरून घेतलेला होता. लांब बॉनेट, मागच्या चाकांना ताकद आणि रुंद बैठक हे तिचे रूप. इंजिन मात्र प्रारंभी जुने दीड लिटरचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे. पुढे जपानी इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि त्याबरोबर पाच गिअर आले, तेव्हा गाडीला तिच्या अंगलोटाला शोभेल असा जोर मिळाला.

येथेच निर्णयाचा पहिला निकष आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाला जोडलेला पंखा तेल ढकलतो, त्या तेलाने समोरचा पंखा फिरतो. मधला तिसरा पंखा परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून जोर वाढवतो. या प्रकारात काही ताकद तेल तापवण्यातच जाते. दीड लिटरच्या कॉन्टेसाकडे ताकद वाया घालवण्याइतकी शिल्लकच नाही, तिला ऑटोमॅटिक बसवणे हा पैशाचा अपव्यय होय. १.८ लिटरच्या गाडीत विचार करता येतो. दुसरी जमेची बाजू ही, की ब्रिटनमध्ये ज्या मालिकेवरून कॉन्टेसा घेतली, ती ऑटोमॅटिकसहही मिळत असे. त्यामुळे दोन्ही आसनांमधील बोगद्यात जागा अगदीच अपुरी नाही. तरीही निवडलेल्या गिअरबॉक्सचे माप प्रत्यक्ष घेतल्याशिवाय सौदा करू नये.

काम कसे होते?

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या घराण्यांचे असतील तर मध्ये अॅडॅप्टर प्लेट लागते. ओतकाम आणि लेथकामासाठी कोल्हापूरचे नाव आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत येथे असे तुकडे घडवणारे हात आहेत, मुरगूडच्या मालकाला त्यासाठी पुण्याला जाण्याची गरज नाही. अचूकतेबाबत मात्र तडजोड नको. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य यांत मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाचा फरकही पुढील सील आणि तेलपंप खराब करतो.

मूळ फ्लायव्हील काढून पातळ फ्लेक्सप्लेट बसते. क्रँकशाफ्टच्या टोकातील छोटे बुश काढले नाही तर कन्व्हर्टर नीट टेकत नाही. यानंतरची पायरी सर्वांत जास्त घात करते. कन्व्हर्टर फिरवत-फिरवत तेलपंपाच्या खाचांत पूर्ण बसला पाहिजे. तो अर्धवट राहिला आणि मिस्त्रीने बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाकडे ओढला, तर पंप तेथेच फुटतो. गिअरबॉक्स हाताच्या दाबाने इंजिनाला टेकला नाही तर थांबावे, बोल्टने ओढू नये, हा नियम अनुभवी मिस्त्री पाळतात.

यानंतर प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि त्याच्या युनिव्हर्सल जॉइंटचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील 'क्रॉस'चा कोन जमवावा लागतो. शाफ्ट कापून जोडल्यास त्याचे संतुलन करून घ्यावे, अन्यथा विशिष्ट वेगाला सर्व गाडी थरथरते. रेडिएटरपुढे स्वतंत्र तेल-कूलर हवाच. फोंडा घाट चढताना कन्व्हर्टरमधील तेल वेगाने तापते, आणि तापलेले तेल हाच ऑटोमॅटिकचा खरा शत्रू आहे. उतारावर 'डी'वर सोडून केवळ ब्रेकवर विसंबू नये. खालचा गिअर निवडावा, कारण क्लचच्या गाडीसारखा इंजिनाचा रेटा येथे मिळत नाही. लीव्हर 'पार्क' किंवा 'न्यूट्रल'वर असल्याशिवाय स्टार्टर फिरणार नाही, अशी सुरक्षा-कळ बसवणे टाळू नये. ही शे-दोनशे रुपयांची काटकसर प्राणावर बेतू शकते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याला दुजोरा दिला. नुसता गिअरबॉक्स बदलण्यापेक्षा इंजिनही बदलणे अर्थातच अधिक अडचणीचे. काम हाती घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे आणि विमा कंपनीचे उत्तर लेखी घ्यावे. अपघातानंतर हा प्रश्न विचारला गेला तर तोंडी आश्वासन उपयोगाचे नाही.

पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्राने २०२१ मध्ये स्वतंत्र 'व्हीए' मालिकेची नोंदणी आणली, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. मात्र चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी तिची अट आहे. गिअरबॉक्सचा त्यात नावाने उल्लेख नाही, पण नव्या गिअरबॉक्ससाठी बोगद्याचा पत्रा कापला तर तो बॉडीतील फेरफार मानला जाऊ शकतो. कॉन्टेसाची पहिली गाडीही २०३४ पूर्वी या वर्गात बसणार नाही. म्हणजे आज केलेल्या कापाकापीची किंमत तेव्हा मोजावी लागेल, आणि कोल्हापूर परिसरात तरी जुन्या मोटारीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याला बाहेर पडते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होणारी गर्दी पुरेशी बोलकी आहे.

त्यामुळे बदल करायचाच असेल तर तो परत फिरवता येईल असा करावा. वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडलेला आधार, न कापलेला बोगदा, आणि मूळ गिअरबॉक्स, शाफ्ट, फ्लायव्हील, क्लचचे पेडल हे सर्व तेल लावून, चिठ्ठी अडकवून घराच्या माळ्यावर.