विमानतळ कोणाचा?

आम्हां उज्जैनकरांस विमानासाठी इंदूर गाठण्याची सवय आहे. १९३५ मध्ये होळकर संस्थानाने टाटांच्या विमानसेवेतील नेव्हिल व्हिन्टसेंट यांच्या सल्ल्याने तेथे बिजासनची जागा निवडली. १९५० मध्ये विमानतळ केंद्राकडे गेला. भूमी राज्याची, जाणकारी खाजगी, असा हा आरंभ होता.

याच विभागणीची मोठी कसोटी मुंबईत लागली. २००६ मध्ये तेथील संचालन खाजगी कंपनीकडे सोपविले गेले; जमिनीची मालकी मात्र विमानतळ प्राधिकरणाकडेच राहिली आणि महसुलाचा ३८.७ टक्के वाटा त्यास ठरला. २०२१ मध्ये संचालक समूह बदलला, भूमीचा धनी बदलला नाही.

शासकीय सेवेत आयुष्य वेचलेल्या आम्हांस वाटते, की कारभारी कोणीही असो. करारपत्र वाचणारा आणि हिशेब मागणारा धनी जागा हवा. तो निजला, तर मालकी कागदावरच उरते.